मेबॅकचे धनी

माझ्या मुलीचं सासर कोल्हापूरचं. आर्वीहून कोल्हापूर म्हणजे महाराष्ट्राचं एक टोक सोडून जवळजवळ दुसरं टोक गाठणं. आमच्या मुलखात कपाशी आणि तूर, तिकडे ऊस आणि भात. आमच्याकडे मार्चपासूनच तोंडाला फडकं बांधून हिंडावं लागतं, तिकडे जूनमध्ये छत्री उघडली की गणपतीपर्यंत मिटत नाही. बँकेतून निवृत्त झाल्यावर दोन-तीनदा तिकडे जाणं झालं आणि एकदा नेमका दसरा साधला. व्याह्यांनी मोठ्या अगत्यानं दुपारी चारलाच दसरा चौकात नेऊन उभं केलं. सोहळा संध्याकाळचा, पण जागा आधी धरावी लागते.

दसरा चौकाचा तो थाट ज्यांनी पाहिला नाही त्यांना थोडक्यात सांगतो. मध्ये शमीपूजनासाठी उभारलेला लकडकोट, त्यात आपट्याच्या पानांची रास. एकीकडून अंबाबाईची पालखी येते, जुन्या राजवाड्यातल्या तुळजाभवानीची येते, गुरुमहाराजांची येते. पोलीस बँड, मानकऱ्यांचे फेटे, पोरांचे खांद्यावर चढलेले घोळके. आणि मग सगळी गर्दी एका दिशेला मान वळवते. पालख्यांकडे वळली नसेल इतक्या कुतूहलानं वळते. एक लांबलचक जुनी मोटार, पुढे मोठाले दिवे, कुठलीही घाई नसलेली, चौकात शिरते. तिच्यातून छत्रपती घराण्याची मंडळी उतरतात. ही मेबॅक. जर्मन माणूस हिचं नाव मायबाख असं घेईल, पण कोल्हापूरनं तिला मेबॅक म्हटलं आणि आता तेच तिचं नाव.

माझ्या शेजारी एक आजोबा नातवाला खांद्यावर घेऊन उभे होते. ती शाहू महाराजांची गाडी, असं त्यांनी नातवाला समजावून सांगितलं. आसपासच्या दोघा-तिघांनी माना डोलावल्या. मी गप्प राहिलो, कारण परगावचा माणूस आणि त्यातून मुलीचं सासर! पण हिशेब डोक्यात सुरू झालाच; तीस-पस्तीस वर्षं खतावण्या तपासलेल्या माणसाची खोड जात नाही. राजर्षी शाहू महाराज गेले ते 6 मे 1922 रोजी. गाडी आहे 1936 सालची. तेव्हा ही गाडी त्यांची असणं शक्य नाही. ती त्यांच्या मुलाची, राजाराम महाराजांची. अठरा वर्षं गादीवर असलेला राजा, आणि त्याच्या गावात, त्याच्याच गाडीपुढे उभं राहून त्याचं नाव कोणी घेत नव्हतं.

तेव्हापासून राजाराम महाराज माझ्या मनात बसले आहेत.

नावाचाही थोडा घोटाळा आहे म्हणा. छत्रपती घराण्यात राजाराम एकाहून अधिक झाले. शिवाजी महाराजांचे धाकटे चिरंजीव, महाराणी ताराबाईंचे पती, ते पहिले. युरोपचा प्रवास करून परतताना 1870 साली इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरी विशीतच वारले आणि आर्नो नदीच्या काठी ज्यांची छत्री आजही उभी आहे, ते दुसरे. कोल्हापूरचं राजाराम कॉलेज त्यांच्या नावाचं. आमचे राजाराम हे त्यांच्यानंतरचे. आधीचा एक शूर म्हणून लक्षात राहिला, दुसरा दुर्दैवी म्हणून. तिसऱ्याच्या मागे तर शाहू महाराजांसारखा डोंगर उभा. डोंगराच्या सावलीत घर असलं की सूर्य उशिराच उगवतो.

त्यांचा जन्म 31 जुलै 1897 चा. आई लक्ष्मीबाई या बडोद्याच्या खानविलकरांच्या घरच्या. थोरली बहीण राधाबाई, जिला कोल्हापूर पुढे अक्कासाहेब म्हणून ओळखू लागलं, आणि पाठचा भाऊ शिवाजी. वडील घोड्यांचे आणि शिकारीचे षौकीन, मल्लांचे आश्रयदाते. खडखडा नावाच्या उघड्या गाडीला घोडे जुंपून स्वतः लगाम हातात घेऊन ते सुसाट जायचे, आणि त्या गाडीत शेजारी कोण बसलेलं असेल याचा नेम नसे. सोनतळीच्या कॅम्पवर फासेपारधी पहाऱ्याला आणि शाहू महाराज त्यांच्या भरवशावर झोपलेले, अशा घरात ही मुलं वाढली. शिक्षण काही इंग्लंडात, काही अलाहाबादला. राजपुत्रांच्या ठरावीक कॉलेजात घालून नुसते साहेब बनवावेत असं त्या बापाला वाटत नव्हतं.

1918 हे साल या घराला फार कठीण गेलं. एप्रिलमध्ये राजारामांचं लग्न झालं, बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या नातीशी. सासरी त्यांचं नाव ताराबाई ठेवलं. मांडवाची पानं सुकली न सुकली तोच जूनमध्ये धाकटा भाऊ शिवाजी रानडुकराच्या शिकारीत घोड्यावरून पडून गेला. त्याची बायको इंदुमती तेव्हा जेमतेम अकरा-बारा वर्षांची. शाहू महाराजांनी त्या सुनेला घरात कोंडलं नाही, तिला शिकवलं, हे सर्वांना ठाऊक आहे आणि त्याबद्दल त्यांचं कौतुक होतं ते योग्यच. पण ज्याचा पाठीला पाठ लावून आलेला भाऊ गेला त्या एकवीस वर्षांच्या राजारामांचं काय झालं असेल, हे कुणी विचारत नाही. चार वर्षांनी वडीलही गेले, अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी.

म्हणजे चोविसाव्या वर्षी गादी. सव्वातीन हजार चौरस मैलांच्या आसपासचं संस्थान. 1931 च्या शिरगणतीत त्याची लोकसंख्या साडेनऊ लाखांवर होती. वारसा कसला, तर 1902 साली नोकऱ्यांत निम्म्या जागा मागासलेल्यांसाठी राखणाऱ्या राजाचा. सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू करणाऱ्या राजाचा. 1920 च्या मे महिन्यात आमच्या नागपूरला येऊन अस्पृश्यांच्या अखिल भारतीय परिषदेचं अध्यक्षपद भूषवणाऱ्या राजाचा. बँकेत एखाद्या नामांकित मॅनेजरच्या जागी बदलून गेलेल्या अधिकाऱ्याला विचारा हा अनुभव कसा असतो. नवं काही केलं तर आधीच्या साहेबांनी असं केलं नसतं म्हणतात. तेच चालू ठेवलं तर यात यानं काय विशेष केलं म्हणतात.

राजाराम महाराजांनी दोन्ही केलं. वडिलांनी जे रुजवलं ते उपटलं नाही. राजाराम कॉलेज शाहू महाराजांनी 1919 साली आर्यसमाजाच्या हाती दिलं होतं; मुलानं ती घडी मोडली नाही आणि शिवाजी महाराजांवर इंग्रजीत मोठा ग्रंथ लिहिणाऱ्या डॉ. बाळकृष्णांच्या हाताखाली ते कॉलेज भरभराटीला आलं. पण त्यांचा स्वतःचा ओढा यंत्राकडे होता असं मला त्यांची कारकीर्द पाहताना सतत वाटतं. बापाला घोडा कळायचा. मुलाला इंजिन कळायचं.

1933 साली प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूर सोडून पुण्याला गेली. 1929 साली कोल्हापुरात जन्मलेली, अयोध्येचा राजा हा मराठी बोलपट तिथेच काढलेली ही कंपनी. दामले, फत्तेलाल, शांताराम यांच्यासारखी माणसं गाव सोडून जाताहेत म्हटल्यावर एखाद्या संस्थानिकानं दुःख व्यक्त करून सोडून दिलं असतं. राजाराम महाराजांनी त्याच वर्षी कोल्हापूर सिनेटोन उभी केली. भालजी पेंढारकरांनी तिथे आकाशवाणी हा बोलपट काढला, तो 1934 चा. अक्कासाहेबांच्या आश्रयानं शालिनी सिनेटोन निघाली आणि कलामहर्षी बाबूराव पेंटरांना पुन्हा काम मिळालं. कोल्हापूर सिनेटोनचा स्टुडिओ पुढे भालजींकडे येऊन जयप्रभा झाला. मराठी चित्रपटाच्या इतिहासात भालजी आहेत, बाबूराव आहेत, शांताराम तर आहेतच. ज्यानं दार उघडं ठेवलं तो श्रेयनामावलीत नाही.

तिशीच्या सुरुवातीला कसबा बावड्याला साखर कारखाना निघाला. आज तो सहकारी आहे आणि राजारामांच्या नावानं चालतो. 1931 साली संस्थानचं स्वतःचं हायकोर्ट आलं. संस्थानाच्या विलीनीकरणानंतर ते गेलं आणि कोल्हापूरकर पुढे कित्येक दशकं खंडपीठासाठी भांडत राहिले. 2025 च्या ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच तिथे सुरू झालं, त्याचं उद्घाटन करायला सरन्यायाधीश भूषण गवई आले होते. वर्धा नदी ओलांडली की आमच्या आर्वीचा शेजारी तो अमरावती जिल्हा, आणि गवईसाहेब तिथले. त्यामुळे ती बातमी मी जरा जास्तच लक्ष देऊन वाचली. राजारामपुरीची आखीव वसाहत ही त्यांच्याच काळातली. आमचे व्याही राजारामपुरीतच राहतात. पुरी कोणत्या राजारामाची, हे त्यांना मी सांगितलं तेव्हा ते जरा चपापले. उजळाईवाडीला विमानतळ झाला तो 1939 साली. त्या काळी आमच्या आर्वीकराला पुलगावची मोठी गाडी पकडायला शकुंतलेच्या अरुंद रुळांवरून रखडत जावं लागे. 1917 पासून ती धावली आणि आता बंद पडून आहे. तेव्हा कोल्हापूरसारख्या गावात धावपट्टी करणारा माणूस डोक्यानं किती पुढे होता याचा अंदाज यावा.

आणि या सगळ्याच्या मधोमध ती मोटार.

तिच्या कुळाची हकीकत तिच्याइतकीच लांब आहे. विल्हेल्म मायबाख हा जर्मनीतल्या हाइलब्रॉन गावी 1846 साली जन्मलेला सुताराचा मुलगा. दहाव्या वर्षी पोरका झाला आणि रॉयटलिंगेनच्या एका धर्मादाय आश्रमात वाढला. तिथल्या यंत्रशाळेत गॉटलीब डाइमलरनं त्याला हेरलं आणि पुढे या जोडीनं मोटारीच्या इतिहासाची पहिली पानं लिहिली. विल्हेल्मचा मुलगा कार्ल. बाप-लेकांनी 1909 साली इंजिनांचा कारखाना काढला तो मोटारींसाठी नव्हे, झेपेलिनच्या अवाढव्य हवाई जहाजांसाठी. पहिलं महायुद्ध जर्मनी हरला, तहात विमानांची इंजिनं करायला बंदी आली, तेव्हा कार्ल मायबाख मोटारींकडे वळला. 1921 साली बर्लिनच्या प्रदर्शनात त्याची पहिली गाडी लोकांनी पाहिली. हा कारखाना इंजिन आणि सांगाडा करी. वरचा साज गिऱ्हाइकाच्या मर्जीप्रमाणे दुसरे कारागीर चढवीत, बहुतेक वेळा राफेन्सबुर्गचा हेर्मान श्पोन. आपल्याकडे कापड घेऊन शिंप्याकडे जातात तसा प्रकार. त्यामुळे एक मेबॅक दुसरीसारखी सहसा नसे. वीस वर्षांत सगळ्या मिळून अठराशेच्या आसपासच झाल्या.

हिंदुस्थानात दोन मेबॅक विशेष गाजल्या. एक पतियाळाच्या भूपिंदरसिंग महाराजांची. 1935 साली ते जर्मनीला गेले असता हिटलरनं ती भेट दिली, अशी हकीकत त्या घराण्यात सांगतात. दुसरी ही कोल्हापूरची. ही कोणाची मेहेरबानी नव्हती. राजाराम महाराजांनी ती मागवून, करवून घेतली. माझ्यासारख्याला हा फरक मोठा वाटतो. भेट आलेली वस्तू दाखवायची असते. मागवून घेतलेली वस्तू माणूस कोण होता ते सांगते.

पण आता खर्चाच्या बाजूकडेही पाहायला हवं. नाहीतर मी नुसता भाटच ठरेन.

1929 नंतर जगभर मंदीची लाट आली. शेतमालाचे भाव निम्म्यावर आले. आमच्याकडे कापसाच्या गाड्या आर्वीच्या बाजारात आणून शेतकरी भाव ऐकून मान खाली घालत, असं मी थोरामोठ्यांकडून लहानपणी ऐकलं आहे. कोल्हापूरच्या गुळाचं आणि भाताचं त्याहून वेगळं काय असणार? शेतसारा मात्र रोखीत भरायचा. हा असंतोष वाढत वाढत 1939 साली प्रजा परिषदेच्या रूपानं उभा राहिला. तिचे पुढारी माधवराव बागल. यातली गोष्ट मला फार बोचते ती ही, की माधवराव हे काही घराण्याचे वैरी नव्हते. त्यांचे वडील खंडेराव बागल हे सत्यशोधक चळवळीतले खंदे कार्यकर्ते, हंटर पत्राचे संपादक. ज्या चळवळीच्या पाठीशी शाहू महाराज उभे राहिले तिच्यात वाढलेला मुलगा आता शाहू महाराजांच्या मुलापुढे शेतकऱ्यांचे जथे घेऊन उभा होता. सारा कमी करा, जबाबदार राज्यपद्धती द्या, ही मागणी. रत्नाप्पा कुंभारांसारखी तरुण मंडळी त्यांच्याबरोबर. दरबारानं धरपकड केली, बागलांना तुरुंगात घातलं.

इथे राजाराम महाराज कमी पडले, असं माझं मत आहे. विमानतळ बांधणाऱ्या राजाला येणारं युग यंत्रांचं आहे हे दिसलं. ते प्रजेचंही आहे हे दिसलं नाही, किंवा दिसूनही हात पुढे झाला नाही. सातारा-सांगलीच्या पट्ट्यात औंधचे पंतप्रतिनिधी याच काळात, 1939 साली, आपलं राज्य प्रजेच्या हाती देऊन मोकळे झाले. औंध चिमूटभर, कोल्हापूर मोठं, वर रेसिडेंटसाहेबाची नजर, हे सगळं खरं. तरीही आपल्या अंगणात उभ्या असलेल्या त्या गाडीची किंमत सारा भरणाऱ्यानं मनात किती वेळा मोजली असेल, हा प्रश्न उरतोच. मी स्वतः शेतीकर्जाच्या वसुलीला गावोगाव हिंडलो आहे. बँकेच्या जीपचा धुरळा दिसला की शेतकऱ्याच्या डोळ्यांत काय उतरतं ते मला ठाऊक आहे; आणि ती जीप साधी होती.

घरातही पोकळी होती. ताराबाईंनंतर विजयमालादेवींशी महाराजांचं दुसरं लग्न झालं, पद्माराजे ही कन्या झाली, पण गादीला मुलगा नव्हता. अक्कासाहेबांचं देवासला पटलं नाही, त्या माहेरी येऊन राहिल्या. त्यांचे यजमान म्हणजे देवासचे तुकोजीराव पवार, ज्यांच्या दरबारी काही महिने चिटणिसी करून इंग्रज कादंबरीकार फॉर्स्टर यांनी पुढे पुस्तक लिहिलं. अक्कासाहेबांचे चिरंजीव विक्रमसिंह हे मामांचे सख्खे भाचे. हे लक्षात ठेवायला हवं, कारण पुढची सगळी गुंतागुंत इथून सुरू होते.

26 नोव्हेंबर 1940 रोजी राजाराम महाराज वारले. वय वर्षं त्रेचाळीस. वडिलांपेक्षाही चार वर्षांनी लहान.

मागे राहिलेल्या ताराराणींनी लहानग्या प्रतापसिंह भोसल्यांना दत्तक घेऊन त्यांचं नाव शिवाजी ठेवलं. 1946 साली तेही गेले, पाच वर्षांचं लेकरू. मग 1947 साली भाचे विक्रमसिंह गादीवर आले, शहाजी महाराज म्हणून. दोन वर्षांत, 1949 च्या मार्चमध्ये, संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. 1962 साली शहाजी महाराजांनी मुलीचा मुलगा दत्तक घेतला, तेव्हा गादी राजाराम महाराजांच्या लेकीच्या वंशाकडे जावी म्हणून कोल्हापूर रस्त्यावर उतरलं होतं. ते दत्तक म्हणजे आजचे शाहू छत्रपती, मूळचे आपल्या नागपूरकर भोसल्यांच्या घरचे. 2024 साली लोक त्यांना मतं देऊन लोकसभेत पाठवतील, हे 1962 च्या मोर्चातल्या कुणाला सांगितलं असतं तर त्यानं वेड्यात काढलं असतं.

या सगळ्या घालमेलीत गाडी टिकली हेच नवल. 1939 च्या सप्टेंबरात युद्ध पेटलं आणि जर्मनीहून साधा स्क्रू मागवायची सोय राहिली नाही. तिच्या कारखान्यानं मोटारी सोडून रणगाड्यांची इंजिनं करायला घेतली. टायगर आणि पँथर या भयंकर रणगाड्यांच्या पोटात मायबाख इंजिनंच होती. इटलीच्या डोंगरांत मराठा पलटणींतली आपली पोरं जर्मनांशी लढली. ज्या कारखान्याचं इंजिन गावाकडे राजाच्या पागेत शांत उभं होतं, त्याच कारखान्याची भावंडं समोरून आग ओकत होती. युद्ध संपल्यावर त्या कारखान्यानं पुन्हा मोटार केलीच नाही. 1960 साली तो डाइमलर-बेंझकडे गेला. मायबाख नावाच्या गाड्या पुन्हा निघाल्या त्या 2002 पासून. म्हणजे साठेक वर्षं कोल्हापूरच्या मिस्त्रींनीच काय ती हिची नाडी पाहिली. या मिस्त्रींची नावं कुठल्या बखरीत येत नाहीत. यायला हवीत.

बँकेच्या हिशेबात वाहनावर दरसाल घसारा धरतात आणि शेवटी वहीत त्याची किंमत एक रुपया उरते. त्या नियमानं मेबॅक केव्हाच एक रुपयाची झाली. पण दसरा चौकात उभं राहून हे बोलण्याची माझी छाती नव्हती.

त्या संध्याकाळी बंदुकीच्या फैरी झाल्या, सोनं लुटलं गेलं, माणसं एकमेकांच्या हातात आपट्याची पानं देऊ लागली. शेजारच्या आजोबांनी मलाही दिलं. तेव्हा मात्र मी धीर करून त्यांना सांगितलं, की ही गाडी शाहू महाराजांच्या मुलाची, राजारामांची. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि मग राजाराम म्हणजे तो बंधाऱ्यावालाच ना, असं विचारलं.

मी हो म्हणालो. पंचगंगेवर कसबा बावड्याजवळचा राजाराम बंधारा त्यांच्याच कारकिर्दीतला. कोल्हापूर पद्धतीचे बंधारे म्हणून जे आता महाराष्ट्रभर झाले, आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या नाल्यांवरही दिसतात, त्याच जातीचा. दगडी खांबांना खाचा, पावसाळा सरला की खाचांत फळ्यांचे बरगे बसवून पाणी अडवायचं, पाऊस यायच्या आधी ते काढून पुराला वाट द्यायची. त्या बंधाऱ्यापाशी पंचगंगेची पातळी मोजतात. 39 फुटांना इशारा, 43 फुटांना धोका. 2019 च्या ऑगस्टमध्ये ती 55 फुटांच्या वर गेली, तेव्हा आम्ही नवरा-बायको इथे आर्वीत रात्रभर फोन घेऊन बसलो होतो.

आता दर जुलैत सकाळी चहाबरोबर मी व्याह्यांना फोन लावतो. खुशाली नंतर. पहिला प्रश्न एकच असतो, राजाराम बंधाऱ्याला पाणी किती फुटांवर आलंय.